आक्रीत कोणासाठी?

मराठी समीक्षेने 'गूढ' या शब्दाचे फार लाड केले आहेत. जी. ए. कुलकर्णींची कथा असो की ग्रेस यांची कविता, 'गूढ' म्हटले की समीक्षक हात जोडतो आणि पुढचे प्रश्न विचारायचे थांबवतो. माझी तक्रार त्या कथेविषयी वा त्या कवितेविषयी नाही. तक्रार अशी की हाच शब्द वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर उतरतो तेव्हा तेथेही तो तेच काम करतो. 'तरुणीचा गूढ मृत्यू', 'विवाहिता गूढरीत्या बेपत्ता'. मथळा वाचून झाला की वाचक पान उलटतो. ती बाई कोण होती, त्या वेळी त्या रस्त्यावर का होती, तिला घरी परतायला वाहन होते की नव्हते, हे विचारण्याची जबाबदारी त्या एका शब्दाने त्याच्यावरून काढून घेतलेली असते.

मी पैठण रस्त्यावरच्या चितेगावात राहते आणि शिकवायला शहरात जाते. सकाळी सातला फाट्यावर उभे राहिले की हातात डबा घेतलेल्या, कंपनीत निघालेल्या बाया दिसतात, दप्तर पाठीला लावलेल्या मुली दिसतात. ज्या व्हिडिओकॉनमुळे या गावाचे नाव झाले ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण लहानमोठे कारखाने आहेत आणि बायांची ये-जा थांबलेली नाही. बिडकीनकडून येणारी गाडी भरून आली की थांबत नाही. मग काळीपिवळी, मग ॲपे रिक्षा, तेही नसले की दिसेल त्या वाहनाला हात करायचा. संध्याकाळी हेच उलट दिशेने, अंधारात. या रस्त्यावर अमुक एक घडले म्हणून मी हे लिहीत नाही. रस्ता ही बाई-माणसासाठी काय चीज असते हे मला रोज पाहायला मिळते, एवढ्यासाठी सांगितले.

मध्यंतरी वर्गात रसग्रहणासाठी मी नेहमीची कविता न देता पोलिसांनी वर्तमानपत्रात दिलेले एक निवेदन दिले. अनोळखी मयत स्त्री. वय अंदाजे इतके ते इतके. बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगात अमुक रंगाची साडी, हातात काचेच्या बांगड्या, उजव्या हातावर गोंदलेले. ओळख पटल्यास संपर्क साधावा. मुले हसली, यात रस कोणता घ्यायचा, असे त्यांना वाटले असावे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हिच्या अंगावरचं समदं लिहिलंय, पण हीच नाही यात." तीस वर्षे साहित्य शिकवून मला याहून नेमके वाक्य बोलता आले नसते. तेव्हापासून मी या भाषेकडे समीक्षकाच्या नजरेने पाहू लागले.

पोलीस ठाण्यातले शब्द घ्या. ज्या प्रेताला कोणी नेत नाही ते 'बेवारस'. वारस ज्याला नाही ते. वारस हा शब्द जमीनजुमल्याच्या व्यवहारातला; ज्यांना सात-बाराच नाही त्यांचा वारस कोण ठरवणार? ज्या मरणाचा गुन्हा नोंदवलेला नाही ते 'अकस्मात मृत्यू'. विहिरीत सापडलेली, रुळावर सापडलेली, जळालेली, सगळ्यांची पहिली नोंद त्या एकाच वहीत. आणि घरातून गेलेली बाई 'हरवल्याची नोंद'. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशापासून अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा लागतो. अठरा वर्षे आणि एक दिवसाची असेल तर ती पुन्हा नुसती हरवलेली. हरवते ती वस्तू. बाई हरवत नाही. आणि नोंद करून घेणारा आईबापांना जे विचारतो ते तर ठरलेले आहे : कोणाबरोबर बोलत होती का?

हे शब्द प्रशासनाचे आहेत, साहित्याचा त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध दाखवायला मी मानवतकडे जाते.

मानवत परभणी जिल्ह्यातले, आज कल्याण-निर्मल महामार्गावरचे गाव. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात त्या गावाच्या परिसरात एकामागून एक दहा खून झाले. मारल्या गेल्या त्या मुली आणि बाया. त्यांत एक तान्हे पोर. गुप्तधन सापडावे, मूल व्हावे, म्हणून पिंपळाखालच्या मुंजाला कुमारिकांचे रक्त द्यायचे, असे कारण फिर्यादी पक्षाने मांडले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. ज्या दोघांच्या इच्छेसाठी हे घडवले गेले असा आरोप होता ते दोघे अखेर निर्दोष ठरले. कडक शिक्षा राहिली ती हस्तक म्हणून उभ्या केलेल्यांना. पुरावा पुरेसा नसेल तर सुटका झालीच पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. पोलिसांनी पकडला म्हणजे तो गुन्हेगार, ही समजूत आपल्या वस्त्यांना किती महाग पडली आहे हे आपण जाणतो. पण मग प्रश्न उघडाच राहिला. हात सापडले. ते हात कोणी हलवले याचे कायद्याने सिद्ध झालेले उत्तर पन्नास वर्षांनंतरही नाही.

आणि त्या निकालाचे नाव काय? 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. कायद्याचे विद्यार्थी तो माफीच्या साक्षीदारावर किती विश्वास ठेवावा याचा निवाडा म्हणून वाचतात. आरोपीचे नाव अजरामर झाले. त्याच १९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. कायद्याच्या पुस्तकात तो खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' आहे. तुकाराम म्हणजे आरोपी हवालदार. खटल्याला अपील करणाऱ्याचे नाव द्यायची कोर्टाची रीतच आहे, हे मला ठाऊक आहे. पण 'मथुरा प्रकरण' हे नाव लोकांनी, चळवळीने दिले आणि टिकवले. मानवतच्या दहा जणींसाठी असे कोणी केले नाही. त्या गावाच्या नावात विरघळल्या : 'मानवत हत्याकांड'.

मग साहित्य-सिनेमा काय करतो ते पाहू. १९८१ साली अमोल पालेकरांनी या घटनांवरून 'आक्रीत' हा चित्रपट काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची. चित्रपट प्रामाणिक होता, धंदेवाईक नव्हता, परदेशातही त्याचे कौतुक झाले. त्याला वाईट म्हणण्यासाठी मी हे लिहीत नाही. मी त्याच्या नावापाशी थांबते. आक्रीत म्हणजे अघटित. कधी न घडलेले, घडू नये असे. हे आक्रीत कोणाच्या दृष्टीने? पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने. ज्या घरच्या पोरी शेण गोळा करायला, सरपणाला, पाण्याला एकट्या शिवारात जातात त्या घरात पोर संध्याकाळपर्यंत आली नाही की आईच्या पोटात जे गोळा येते ते आक्रीत नव्हे. ते रोजचे आहे.

तेंडुलकर त्याच वर्षांत नेहरू पाठ्यवृत्तीवर देशातल्या हिंसाचाराचा अभ्यास करीत फिरले होते. त्यांच्या लेखनातली हिंसा खरी असते. परंतु ती नेहमी माणसाच्या आत कुठेतरी दबा धरून बसलेली, आदिम, अशी येते. 'गिधाडे'पासून हे सूत्र आहे. 'आक्रीत'मध्येही वासना, मूल नसल्याची तळमळ, धनाची हाव यांच्या मुळाशी जाण्याची धडपड आहे. मारणाऱ्यांच्या मनाच्या तळाशी उतरायला कॅमेरा तयार आहे. मारली जाणारी पोर मात्र येते आणि जाते. तिच्या मनाला तळ आहे की नाही हे पाहण्याची गरज कथेला भासत नाही, कारण तिचे कथेतले काम मरणे एवढेच आहे. आमचे जुने समीक्षक म्हणतील, कलाकृतीकडे कलाकृती म्हणून पाहा. तसेच पाहते आहे. कोणत्या पात्राला अंतरंग द्यायचे आणि कोणाला नुसते अंग, हा निर्णय कलेचाच असतो.

२०२४ साली 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका सोनी लिव्हवर आली. आशिष बेंडे दिग्दर्शक, आशुतोष गोवारीकर मुख्य भूमिकेत. तिचा आधार मुंबईहून तपासाला गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचे आठवणींचे पुस्तक. कुलकर्णी कर्तबगार अधिकारी होते. १९६८ साली मुंबईत रमण राघवचा तपासही त्यांनीच केला. (रमण राघव हे नाव आजही पोराटोरांना माहीत आहे. फूटपाथवर, झोपडीत झोपल्या जागी ज्यांना त्याने मारले त्यांतले एक तरी नाव कोणी सांगावे.) मालिकेची निर्मिती देखणी आहे, नटमंडळी कसलेली आहेत, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे सगळे आहेत. परंतु तपासाची कथा एकदा निवडली की तिची चौकट पक्की होते. मुंबई म्हणजे बुद्धी. मराठवाडा म्हणजे अंधार. शहरातून एक शहाणा माणूस येतो, आमच्या मातीतले 'गूढ' उकलतो आणि परत जातो. प्रेत हा कथेचा आरंभबिंदू. पहिली मेली तेव्हा काय झाले, दुसरी मेली तेव्हा कोणी विचारले, एकामागून एक मरत असताना तालुक्याची यंत्रणा काय करीत होती, हा मला खरा रहस्याचा भाग वाटतो. तपासकथेला मात्र तो नायक येण्याआधीची पार्श्वभूमी म्हणून पुरतो.

आणखी एक गोष्ट. फिर्यादीच्या कहाणीत, सिनेमात आणि मालिकेत केंद्राशी एक पारधी स्त्री आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या कपाळावर जन्मतःच गुन्हा कोरला आणि १९५२ साली ज्यांना 'विमुक्त' म्हटले त्या समाजातली बाई. रखेल, मंत्रतंत्र करणारी, पोरीच्या रक्ताची भुकेली. खालच्या न्यायालयात काय सांगितले गेले आणि अखेर काय सिद्ध झाले यांतली दरी पडद्यावर बुजून जाते. कारण चेटकिणीची प्रतिमा पुराव्याची वाट पाहत नाही. अशा तऱ्हेने एकाच कथेत गरीब बायांना दोन जागा मिळतात : प्रेताची आणि चेटकिणीची. जमीन, वाडा, वजन ज्याच्याकडे आहे त्याची जागा मात्र गुंतागुंतीच्या 'मानवी' पात्राची.

इथवर प्रस्थापितांवर टीका झाली. ती सोपी आहे. आता आपल्याकडे वळू.

१९७२ साल आपल्या चळवळीच्या पंचांगात ठळक आहे. मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्या उन्हाळ्यात दलित पँथर उभी राहिली आणि ब्राह्मणगावचे नाव तिच्या सभांमधून गाजले. 'गोलपिठा' त्याच वर्षीचा. ब्राह्मणगाव आपल्या कवितेत आले, भाषणात आले, इतिहासात आले. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, सहा महिन्यांनी मानवतला पहिली पोर मारली गेली. मग एकेक करीत दहा. ते आपल्या साहित्यात का आले नाही? मी शोधले. माझ्या वाचनात त्यावरची आपली एक कथा नाही, एक दीर्घ कविता नाही. आपण ते पोलिसांच्या आठवणींना आणि मुंबईच्या पटकथेला देऊन टाकले.

कारण मला असे दिसते. ब्राह्मणगावात अत्याचार करणाऱ्याची जात स्पष्ट होती आणि सोसणाऱ्याचीही. पाटील आणि महारवाडा, वाडा आणि वस्ती, असे उभे चित्र आपल्या विद्रोहाला हाताळता येत होते. मानवतमध्ये मारणारे हातही गरिबाचे, संशयातली बाई पारधी, कारण अंधश्रद्धा, मेलेल्यांत कोण कोणत्या समाजाची याचा सरळ हिशेब नाही. तेथे आपली घोषणा अडखळली. अंधश्रद्धा म्हटल्यावर तो विषय विवेकवाद्यांचा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जो कायदा झाला त्याच्या नावात 'नरबळी' हा शब्द आहे, एवढ्यावर आपले समाधान. पण शोषणव्यवस्था दरवेळी पाटलाच्या पागोट्यातच येईल असे नाही. ज्या पोरीला कोणी शोधणार नाही तिलाच बळीसाठी निवडले जाते. ही निवड करणारी नजर जातीने, वर्गाने आणि पुरुषसत्तेने घडवलेली आहे. निवडणारा स्वतः भुकेकंगाल असला तरी.

एक टोचणारी गोष्ट येथेच सांगून टाकते. आपल्या पुरुष लेखकांनी आईवर अपार लिहिले. वेठबिगारीत पिचलेली, उपाशी राहून लेकराला शिकवणारी आई हा दलित आत्मकथनांचा कणाच आहे. पण आई म्हणजे जी परत आली ती. जी बहीण सरपणाला गेली आणि आली नाही, जिचे नाव घरात पुन्हा घेतले नाही, कारण 'पळून गेली' असे गावाने ठरवले आणि घराने मान खाली घालून मान्य केले, तिच्यावर कोणी लिहिले? इज्जतीची जी कल्पना आपण वरच्यांची म्हणून नाकारतो तिने आपल्याच घरात ही पाने कोरी ठेवली आहेत.

मला हे ज्या वाचनातून सुचले ते एका फार दूरच्या रस्त्याविषयीचे आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स रूपर्ट ते प्रिन्स जॉर्ज असा सोळा क्रमांकाच्या महामार्गाचा सुमारे ७२० किलोमीटरचा टप्पा आहे. जंगल, डोंगर, मधूनमधून वस्त्या, त्यांतल्या पुष्कळ मूळनिवासी लोकांच्या. १९६९ पासून या आणि जोडरस्त्यांवर तरुण मुली नाहीशा होत गेल्या, काहींची प्रेते सापडली. पोलिसांनी २००५ साली खास पथक नेमले. त्यांच्या यादीत अठरा प्रकरणे आहेत, मूळनिवासी समाज म्हणतो चाळीसहून अधिक. नाहीशा झालेल्यांत बहुसंख्य मूळनिवासी. बहुतेक प्रकरणांचे उत्तर आजही नाही. २००२ साली झाडे लावण्याच्या कामाला आलेली एक गोरी तरुणी याच रस्त्यावरून नाहीशी झाली, तेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांना हा रस्ता दिसला. मूळनिवासी मायांनी त्या मुलीच्या आईवडिलांचा दुःस्वास केला नाही. आमच्या मुलींच्या वेळी तुम्ही कोठे होता, एवढेच त्यांनी विचारले.

आपल्या चर्चेसाठी महत्त्वाची आहे ती त्यांची शब्दांची लढाई. १९९८ साली टेरेस गावातल्या एका शोकजागरात फ्लॉरेन्स नाझिएल या मूळनिवासी स्त्रीने त्या रस्त्याला 'अश्रूंचा महामार्ग' म्हटले. सरकारी क्रमांक मागे पडला, हे नाव राहिले. मानवतला जे घडले त्याच्या नेमके उलट : तेथे मरणाचे नाव नातलगांनी ठेवले. पोलिसांच्या निकषात आणखी एक शब्द होता, 'धोकादायक' जीवन जगणाऱ्या स्त्रिया. वाहनाला हात करणे हा त्यातला एक धोका. आपल्याकडे याचे भाषांतर एकाच शब्दात होते : चारित्र्य. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारल्यावर पहिल्या बातम्यांत 'अनैतिक संबंध' हेच कारण फिरवले गेले होते, हे आपण विसरलेलो नाही. त्या महामार्गावर एक मोठा फलक लागला होता. मुलींनो, या रस्त्यावर अनोळखी गाड्यांत बसू नका, मारेकरी मोकळा आहे, अशा अर्थाचा. हेतू चांगला असेल. पण समीक्षकाने त्यातला कर्ता-कर्म पाहावा. आज्ञा मुलीला आहे. मारेकऱ्याविषयी नुसती माहिती आहे.

आणि ती मुलगी गाडीला हात का करते? कारण बस नाही. २००६ साली प्रिन्स जॉर्जला परिषद भरली, तिने ३३ शिफारशी केल्या. गावागावांना जोडणारी बससेवा ही त्यांतली प्रमुख मागणी. त्या रस्त्यावर सरकारी बस धावू लागली ती २०१७ साली. अकरा वर्षे. मध्ये २०१५ साली प्रांताच्या माहिती आयुक्तांनी उघड केले की वाहतूक खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने याच महामार्गाच्या बैठकांसंबंधीचे ईमेल पुसून टाकले होते. मेलेल्या पुसल्या, मग त्यांच्यावरची चर्चाही पुसली. 'गूढ' म्हणतात त्याचा केवढा भाग हा असा साधा असतो : बस नसणे, फोन न लागणे, तक्रार न घेणे, कागद फाडणे.

तरी त्या मायांनी सोडले नाही. ग्लॅडिस रडेक यांची भाची २००५ साली त्या रस्त्यावर नाहीशी झाली. २००८ साली त्या इतर स्त्रियांसह व्हँकुव्हरहून राजधानी ओटावापर्यंत चालत गेल्या. पोलिसांनाच २०१४ साली कबूल करावे लागले की १९८० ते २०१२ या काळात देशभरात १,१८१ मूळनिवासी स्त्रिया मारल्या गेल्या वा बेपत्ता आहेत. २०१६ साली राष्ट्रीय चौकशी आयोग बसला आणि जून २०१९ मध्ये त्याचा अहवाल आला. २३१ मागण्या, आणि आयोगाने शब्द वापरला 'नरसंहार'. या शब्दावर तेथील संपादकांनी बरीच खळखळ केली. आपल्याकडे 'अत्याचार' शब्दावर होते तशीच.

ही तुलना ओढूनताणून केली आहे, असा आक्षेप येईल. तिकडे वंश, इकडे जात. तिकडे जंगलातला निर्जन रस्ता, इकडे गजबजलेले शिवार. भेद आहेत, मी ते नाकारीत नाही. मी तुलना मारेकऱ्यांची करीत नाही, मेल्यानंतर काय होते याची करते. आणि साहित्याची करते. मेरी क्लेमेंट्स या मेती स्त्रीने एक नाटक लिहिले, ते २००० साली व्हँकुव्हरला रंगमंचावर आले. शहराच्या गरीब भागातल्या स्त्रियांना दारू पाजून मारणाऱ्या एका न्हाव्याच्या प्रकरणावर ते आधारलेले आहे. त्या मरणांची सरकारी नोंद 'अनैसर्गिक आणि अपघाती' अशी झाली होती. तेच शब्द नाटककर्तीने नाटकाच्या नावात घेतले. आपला 'अकस्मात मृत्यू'च जणू. पण रंगमंचावर तिने बोलायला उभ्या केल्या त्या मेलेल्या बाया. त्या थट्टा करतात, भांडतात, एकमेकींची विचारपूस करतात. मारेकरी कडेला राहतो. मारेकऱ्याला कडेला ठेवून खुनाची गोष्ट सांगता येते, याचा हा पुरावा आहे, आणि पालेकर-तेंडुलकरांना जे साधले नाही ते कोणत्या जागी उभे राहिल्याने साधते याचाही.

आपल्याकडे याचे बीज नाही असे नाही. ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) उघडते तेच रत्नागिरीच्या बाजाराला डोईवर ओझे घेऊन निघालेल्या बायांच्या वाटेने. त्या एकेकट्या जात नाहीत. जथ्याने जातात, वाटेत बोलतात, चेष्टा करतात, शिव्या घालतात. वाचक त्या चेष्टेला हसतो आणि पुढे जातो. मी तो जथा पुन्हा पाहते तेव्हा मला त्यात रस्त्याचे सगळे शास्त्र दिसते. बाई एकटी निघत नाही ते कशाला भिऊन, हे लेखिकेला वेगळे सांगावे लागत नाही. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांच्या लेखनातल्या वाटा याच नजरेने पुन्हा चालून पाहायला हव्यात. आणि १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याचे रस्ते कोणी केले? खडी फोडायला बसल्या त्या बाया, पोर झोळीत टाकून, मिळेल त्या सुकडीवर. आज ज्या डांबरावरून गाड्या पळतात त्याच्या खालचा थर त्यांच्या हातचा आहे. ती खडी फोडणाऱ्या बाया आणि मानवतच्या शिवारात मारल्या गेलेल्या बाया एकाच वर्षातल्या, एकाच मुलखातल्या. या दोन गोष्टी एका पानावर आणणारी कादंबरी मराठीत यायची आहे.

मानवतच्या निकालपत्रात त्या दहा जणींचा उल्लेख आहे. मी तो वहीत उतरवून घेतला आहे. या लेखात ती नावे छापावीत असे आधी मनात होते. सबंध लेख नावांविषयी आणि नावेच नाहीत, हे विसंगत दिसेल हेही कळते. पण कॅनडातल्या फलकांवरची नावे घरच्यांनी लिहिली होती. मानवतला कोणाची बहीण, कोणाचा भाऊ अजून असेल. सिनेमावाल्यांनी त्यांना विचारले होते का, ठाऊक नाही; निदान मी तरी विचारल्याशिवाय छापू नये.

म्हणून या सुट्टीत तिकडे जायचे ठरवले आहे. वर्गातल्या दोन मुली यायला तयार आहेत, त्यांतली एक ती मागच्या बाकावरची. शहरातून रेल्वेने जालना, परतूर, सेलू करीत मानवत रोड. तेथून गाव वेगळे, मिळेल त्या वाहनाने जायचे. कोणाला भेटायचे, काय विचारायचे, काय अजिबात विचारायचे नाही, याची यादी मी त्यांच्यापुढे ठेवली. दोघींनी ती वाचली. मग ती म्हणाली, "मॅडम, परतीची गाडी कितीला आहे?"